दोन प्रती, एक यादी



उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत एक सहाय्य निधी चालतो. दरमहा घरटी वर्गणी जमते आणि आजारपणात त्यातून मदत दिली जाते. दीडशे घरांची यादी संगणकावर आहे. तिची एक प्रत माझ्या पुतण्याकडे होती, दुसरी सचिवांच्या मुलीकडे. तीन महिने दोघांनी आपापल्या प्रतीत नावे घातली, पत्ते बदलले. मग बैठकीत आम्ही पुतण्याची प्रत नवी म्हणून कायम केली आणि दुसरी बाजूला ठेवून दिली.

पंधरा दिवसांनी गल्लीतल्या एक मावशी दवाखान्याच्या खर्चासाठी आल्या. आम्ही यादी पाहिली आणि सांगितले, "तुमचे नाव नाही." मावशींनी वाद घातला नाही. पदराच्या गाठीतून तीन पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. नाव होते, पण बाजूला ठेवलेल्या प्रतीत होते. चूक आमची होती.

सचिवांची मुलगी मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. ती म्हणाली, "काका, एक वही दुसरीवर ठेवली म्हणजे दोन्ही एक होत नाहीत. आमच्या कामात याला मर्ज म्हणतात आणि त्याची रीत ठरलेली आहे." ती रीत आज सांगतो. आपल्या घरची कितीतरी मुले-मुली हेच काम करतात, आणि आई-बापांना वाटते की पोर दिवसभर नुसती बटणे दाबते.

काही सॉफ्टवेअर ओपन सोर्स असते. त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो. लिनक्स हे त्यातले सर्वांत गाजलेले. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केले. आपल्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच्याच पायावर चालतो. जगभरातले हजारो लोक त्यात भर घालतात. प्रत्येक जण मूळ मजकुराची वेगळी ब्रँच, म्हणजे फांदी काढून काम करतो. फांद्या काढणे सोपे आहे. त्या परत खोडाला जोडणे, तेच मर्ज, आणि खरी परीक्षा तिथेच होते.

या कामासाठी 2002 पासून लिनक्सवाले एका खासगी कंपनीचे साधन फुकट वापरत होते. 2005 साली कंपनीने ती सवलत काढून घेतली. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याचे असेच होते, दोर कधी ओढून घेतला जाईल याचा नेम नसतो. टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये स्वतःचे साधन लिहायला घेतले आणि काही दिवसांतच ते चालू लागले. त्याचे नाव गिट. थोड्याच महिन्यांत त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

गिट दोन प्रती जोडताना तिसरी प्रतही काढते. दोन्ही फांद्या जिथून फुटल्या, ती मूळ प्रत. आम्हीही तसेच केले. तीन महिन्यांपूर्वीची झेरॉक्स शोधली आणि तिन्ही याद्या सतरंजीवर शेजारी मांडल्या. जी ओळ एकानेच बदलली, तिथे तो बदल घेतला. दोघांनी सारखाच बदल केला, तिथे एकदाच घेतला. मूळ यादी नसती तर एखादे नाव एकाने नव्याने घातले की दुसऱ्याने काढून टाकले, हे कळलेच नसते. मावशींचे नाव मूळ यादीत नव्हते, मुलीने ते नंतर घातले होते. म्हणजे ते घ्यायचेच होते.

चार ओळी मात्र दोघांनी वेगवेगळ्या बदलल्या होत्या. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात. अशा वेळी गिट स्वतः निकाल देत नाही. दोन्ही मजकूर खुणा करून समोर ठेवते आणि थांबते. आम्ही त्या चार घरी जाऊन विचारून आलो.

पुढची गोष्ट जास्त सांभाळण्याची आहे. पुतण्याने एका मुलाचे घर वेगळे नोंदवले होते. मुलीने त्याच मुलाच्या बापाच्या ओळीत दोघांची मिळून वर्गणी लिहिली होती. ओळी वेगळ्या, म्हणून भांडण दिसले नाही. बेरजेत मात्र पैसे दोनदा धरले गेले. यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ जुळवत नाही. म्हणून मर्ज झाल्यावर सॉफ्टवेअर चालवून तपासावेच लागते.

आपल्या मराठीत तर आणखी एक पेच आहे. 'वऱ्हाड' हा शब्द संगणकात एकाहून अधिक तऱ्हेने साठवता येतो. कागदावर तो सारखाच दिसतो, पण गिटला ते वेगळे शब्द वाटतात. म्हणून टायपिंगची पद्धत सर्वांनी आधी एक ठरवावी.

लिनक्समध्ये एवढ्या हजारोंचा मेळ कसा बसतो? प्रत्येक विभागाला एक जबाबदार माणूस असतो. तो आपल्या विभागाचे बदल तपासून पुढे पाठवतो. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातले पहिले दोन आठवडे नवे बदल घेण्यासाठी असतात, पुढे फक्त दुरुस्त्या. शिवाय 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी येऊ घातलेले बदल आधीच एकत्र जोडून पाहण्याची सोय सुरू केली. टक्कर व्हायचीच असेल तर ती लवकर कळते. बदल कोणी केला, कधी केला, कोणी स्वीकारला, याची नोंद राहते.

आम्ही तेच धडे घेतले. आता मेळ तीन महिन्यांनी नाही, दर पंधरवड्याला घालतो. जबाबदारी एकाची, तीही सचिवांच्या मुलीची. शंका आली तर त्या घरी जाऊन विचारायचे. जुनी प्रत टाकायची नाही.

मावशींना त्याच आठवड्यात मदत मिळाली. पैसे द्यायला मी स्वतः गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाऊ, पावत्या जपल्या म्हणून बरं झालं."

ज्यांच्या घरी शिकणारे मूल आहे त्यांनी त्याला गिट शिकायला सांगावे. ते विनामूल्य आहे, जुन्या संगणकावरही चालते. आणि आज रात्री जेवताना विचारावे, "बाळा, तुझ्या कामात मर्ज कोण करतं?" ते आनंदाने सांगेल.