टोपीखालचं डोकं कुणाचं?

पोलीस विचार करत नाही, असं आपल्या वस्त्यांतून सर्रास बोललं जातं. मला ते खरं वाटत नाही. पोलीस विचार करतो, आणि फार झटपट करतो. रात्री नाक्यावर दोन पोरं उभी असतात. एकाच्या पायात बूट, तोंडात इंग्रजी. दुसऱ्याच्या पायात स्लीपर आणि पत्ता झोपडपट्टीचा. कुणाला 'जा बाबा घरी' म्हणायचं आणि कुणाची कॉलर धरायची, याचा निकाल हवालदाराच्या टोपीखाली तेवढ्यात लागलेला असतो. हा विचारच आहे. फक्त तो त्याचा स्वतःचा नाही. गावच्या पाटलानं, आज्या-पणज्यानं आणि इंग्रजाच्या कायद्यानं तो आधीच करून ठेवलाय. हवालदार तो नुसता अंगावर चढवतो, वर्दीसारखा.

म्हणून सवाल एवढाच: टोपीखालचं डोकं कुणाचं?

जरा मागं जाऊ. १८५७ च्या उठावानं हादरलेल्या इंग्रजानं १८६१ साली पोलीस कायदा केला. रयतेची सेवा हा त्याचा हेतू नव्हता. रयत ताब्यात ठेवणं हा होता. दहाच वर्षांनी, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. मूल जन्मलं की गुन्हेगार! हजेरी, पास, तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. चोरी कुणी केली हे शोधायची गरजच उरली नाही. रजिस्टर उघडायचं, जात बघायची, माणूस उचलायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभर रद्द झाला आणि आमचे पारधी, कैकाडी, वडार 'विमुक्त' झाले. लगेच १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा उभा राहिला. जमातीच्या जागी 'सराईत' आला. कायद्यातला शब्द बदलला, ठाण्यातली नजर तीच राहिली.

ही नजर काय करते ते बघा. २००३ च्या जून महिन्यात नाशिक भागात एका कुटुंबावर रात्री हल्ला झाला. पाच माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. भयंकर गुन्हा. तपास व्हायलाच हवा होता, कसून व्हायला हवा होता. त्या रात्रीतून वाचलेल्या बाईनं पोलिसांच्या अल्बममधले चार फोटो ओळखले. म्हणजे धागा हातात होता. पण त्या चौघांचा तपास पुढं सरकलाच नाही. आरोपी म्हणून उभे केले गेले भटक्या जमातीतले सहा मजूर. २००६ साली खालच्या कोर्टात फाशी. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात सहाही जणांना फाशी. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर उघड झालं. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला.

सोळा वर्षं! फाशीच्या दोराखाली! पाच लाखाला सोळानं भागा आणि वर्षाचा भाव काढा.

दोस्तहो, इथं थांबून एक गोष्ट नीट समजून घ्या. या तपासाला मी नुसता 'दुष्टपणा' म्हणून सोडून देणार नाही. दुष्टपणा म्हटलं की चार माणसांना शिव्या घालून आपण मोकळे होतो. इथं मेला तो विचार. तपास म्हणजे काय? आपल्याला जे वाटतं ते चूक ठरवणारा पुरावा आधी शोधणं. 'यानंच केलं' असं मनात आलं की लगेच दुसरा सवाल हवा: नसेल केलं तर? मग बाईनं ओळखलेले चार फोटो कुणाचे? त्या रात्री ते चौघं कुठं होते? एवढा एक सवाल कुणा फौजदारानं स्वतःला विचारला असता तर सहा माणसांचं आयुष्य वाचलं असतं. आणि मेलेल्या पाच जणांनाही न्याय मिळायची आशा राहिली असती. निरपराध आत गेला की गुन्हेगार बाहेर राहतो. हे साधं गणित आहे. आमच्यावर दया करा असं मी म्हणत नाही. तपास करा म्हणतोय. पण जिथं आधी माणूस ठरतो आणि मग त्याच्या मापाचा पुरावा शिवला जातो, तिथं कायद्याचं पुस्तक नुसतं उशाला घेण्यापुरतं.

आता दुसरी बाजू. हुकुमाची.

११ जुलै १९९७. घाटकोपरचं रमाबाई आंबेडकर नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याला पहाटे चपलांचा हार घातलेला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलानं गोळीबार केला. दहा माणसं मेली. नंतर सांगितलं गेलं की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा स्फोट झाला असता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानं हे समर्थन मान्य केलं नाही. गोळीबार गैरवाजवी होता असं ठरलं. २००९ साली सत्र न्यायालयानं त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. पुढं अपील गेलं आणि त्याला जामीनही मिळाला. आमचे शाहीर विलास घोगरे यांनी गोळीबारानंतर चारच दिवसांत, १५ जुलैला, स्वतःचा जीव संपवला. ते दुःख अजून आमच्या गळ्यात अडकलेलं आहे.

पण मला आज चापावर बोट ठेवणाऱ्या जवानांबद्दल बोलायचंय. त्यांना कुणी विचारलं तर काय म्हणतील? 'हुकूम होता.' हे उत्तर आपल्याकडे पवित्र मानलं जातं. कायदा काय म्हणतो? १८६० च्या दंडसंहितेत, आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्रजानं लिहिलेल्या कलम ७६ मध्ये, वरिष्ठाच्या हुकुमावरून जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचं उदाहरण आहे. तो निर्दोष. पण कधी? हुकूम कायद्याला धरून असेल तेव्हा. ही अट इंग्रजानंही सोडली नाही! आज ते कलम नव्या भारतीय न्याय संहितेत १४ व्या क्रमांकावर आहे. २०११ साली मुंबईतल्या एका बनावट चकमकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर न्यूरेंबर्गची आठवण दिली. 'हुकूम म्हणजे हुकूम' म्हणणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांनाही फास चुकला नव्हता. म्हणजे बेकायदा हुकूम पाळणं ही शिस्त नाही, तो गुन्हा आहे. भरतीच्या मैदानावर ही गोष्ट कोण शिकवतं?

आणि भरती हा आपला विषय आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. पहाटे पाच वाजता मैदानावर पळणारी, गोळाफेक करणारी, छाती फुगवून मापं देणारी पोरं आपल्याच चाळीतली, आपल्याच वस्तीतली आहेत. पगार, क्वार्टर, आईचं औषध, बहिणीचं लग्न. मी त्यांना नावं ठेवणार नाही. जावं. जरूर जावं. पण एक विचारून जावं. उद्या हातात लाठी देऊन तुला तुझ्याच वस्तीच्या तोंडाशी उभा केला तर तू काय करशील? नुसतं 'आपला माणूस खात्यात गेला' म्हणून पेढे वाटू नका. जात आपली आणि डोकं त्यांचं असेल, तर फायदा त्यांचाच.

कुणी म्हणेल, संपादक महाशय, तुम्हाला बोलायला काय जातंय? शिपाई बारा-बारा, चौदा-चौदा तास उभा. वरून साहेबाची शिवी, आमदाराचा फोन, बदलीची भीती. खरं आहे. म्हणून तर २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांना राजकारण्यांच्या मुठीतून सोडवायचे निर्देश दिले. तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, तक्रारीसाठी प्राधिकरण नेमा, असं बजावलं. सरकारांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. जिथं केलं तिथं कागदावर केलं. तेव्हा व्यवस्था बदलायची लढाई आहेच, आणि ती लांबची आहे. पण व्यवस्था बदलेपर्यंत डोकं गहाण ठेवायची मुभा कुणालाच नाही. स्टेशन डायरीत अटकेची खरी वेळ लिहायला आमदाराची परवानगी लागत नाही. फिर्याद जशी सांगितली तशी लिहून घ्यायला व्यवस्था उलथावी लागत नाही. पंच म्हणून ठाण्यातला नेहमीचा माणूस न घेता खरा माणूस घ्यायला क्रांती लागत नाही. नीतीचा निर्णय बहुतेक वेळा असा बारीक असतो. कुणी बघत नसताना, रात्री दोन वाजता, एका पेनानं घेतलेला.

आणि तो पेन आपणही ओळखला पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं पोलिसाला बंधनकारक आहे, हे ललिताकुमारी खटल्यात २०१३ सालीच ठरलंय. मनात आलं तर एफआयआर, नाहीतर एनसी, असं चालत नाही. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत काही गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची फट ठेवलीय. पण अॅट्रॉसिटीच्या कायद्यात कलम १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची अट नाही. २ एप्रिल २०१८ ला देशभर रस्त्यावर उतरून आपण हे मिळवलंय. त्याच कायद्याच्या कलम ४ खाली कर्तव्यात मुद्दाम कसूर करणाऱ्या, अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या अधिकाऱ्याला सहा महिने ते एक वर्ष कैद आहे. अटक झाली तर अटकेचा कागद, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालानं दिलंय. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर, हे राज्यघटनेच्या कलम २२ नं दिलंय. बाबासाहेबांच्या हातचं आहे ते. पाठ करा.

पाठ करून भागतं का? नाही. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. बंद झाला, त्यानंतर वस्त्यांतून धरपकड झाली. कायदा शिकणारा आपला एक भीमसैनिक कोठडीत गेला आणि तिथून जिवंत परत आला नाही. कायदा त्याला पाठ नव्हता का? गुन्हा नोंदवा, एवढं म्हणायला जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचा आदेश लागला. सरकार त्या आदेशाविरुद्ध दिल्लीपर्यंत गेलं, आणि तिथंही आदेशच टिकला. ज्या खात्याचं काम फिर्याद घेणं, त्याच्याकडून फिर्याद घेववायला एका आईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागतं! त्या रात्री त्या कोठडीच्या आसपास जे कुणी ड्यूटीवर होते, त्यातल्या एकानं जरी 'हे थांबवा' म्हटलं असतं तर? एकानं. हा सवाल मी त्यांच्या दारात टाकून ठेवतोय.

मित्रांनो, आपल्या वाचकांत उद्याचे शिपाई आहेत, उद्याचे वकील आहेत, आणि उद्या कोठडीत जाणारेही आहेत. तिघांनाही सांगणं एकच. जो सवाल विचारत नाही तो गुलाम. मग त्याच्या अंगावर फाटका शर्ट असो की इस्त्रीची खाकी. ठाण्यात जाल तेव्हा एकटे जाऊ नका, कागद घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, 'कुठल्या कलमाखाली?' हे विचारल्याशिवाय गप्प बसू नका. आणि खात्यात जाल तेव्हा टोपी सरकारची घाला, डोकं मात्र स्वतःचं ठेवा. बंदूक खाली करायला छाती लागते, वर करायला नुसता हुकूम पुरतो.