तिसरी भाषा नंतर, आधी पहिली वाचता येऊ द्या

राजूर (जि. जालना) : पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावरून 2025 मध्ये महाराष्ट्र ढवळून निघाला. 16 एप्रिलला हिंदीचा शासन निर्णय आला, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली. 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली. या गदारोळात आपल्या वस्त्यांचा प्रश्न मागेच राहिला. आपल्या मुलांना पहिली भाषा तरी वाचता येते का?

2024 च्या 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं पाचवीपर्यंत येतात, पण दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचायला शिकत नाहीत. ही मुलं शिकवणी लावणाऱ्या घरांतली नाहीत. ती मजुरांची, ऊसतोड कामगारांची, आपली आहेत.

'आपली पोरं अभ्यासात कच्चीच' असं आपलेच लोक म्हणतात तेव्हा आम्हाला फलटणचं उदाहरण द्यावंसं वाटतं. मूळच्या अमेरिकन, पुढे भारतीय नागरिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या दलित वस्तीतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायला सुरुवात केली. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांच्यासोबत ग्रंथ संपादन करणाऱ्या त्या हयाच. पुढे 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. वेगवेगळ्या जातींची, वर्गांची मुलं तिथे एका बाकावर बसून शिकतात.

त्यांनी वेगळं काय केलं? पहिली गोष्ट अक्षरांच्या क्रमाची. नेहमीच्या पद्धतीत मूल आधी सगळी मुळाक्षरं घोकतं, मग बाराखडी, आणि शब्द त्यानंतर. क, ख, ग, घ, ङ एवढं पाठ झालं तरी त्यातून रोजच्या बोलण्यातला शब्द जुळत नाही. फलटणच्या पद्धतीत अक्षरांचे छोटे गट करून शिकवतात. समजा क, म, ल आणि काना एवढंच घेतलं, तर काका, मामा, काम, माल, लाल, मला, कमाल हे शब्द लगेच वाचता येतात. वाचलेल्याला अर्थ असतो, हे मुलाला पहिल्या काही दिवसांतच कळतं.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. फळ्यावरचं उतरवून काढणं म्हणजे लेखन नव्हे. मुलाने स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं, मनातलं लिहायचं. सोबत गोष्टींची पुस्तकं हाताला येतील अशी ठेवायची.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. मुलाच्या घरच्या बोलीला कमी लेखायचं नाही. फलटणच्या बोलीवरच संशोधन केलेल्या बर्नसन यांना ठाऊक होतं की 'पानी', 'आन्' हे भाषेचे दोष नाहीत. भाषा समितीच्या अध्यक्षांच्या गाजलेल्या पुस्तकाचं नावही 'आमचा बाप आन् आम्ही' असंच आहे. पहिल्याच दिवशी 'तुझं अशुद्ध आहे' असं ऐकलेलं मूल वर्गात गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल वाचायला शिकत नाही. जात वर्गात शिरते ती अशीही. प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण मुलाच्या बोलीवरून पुढे जात.

पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं केलेला अभ्यासही हेच दाखवतो. केवळ अक्षर-बाराखडीच्या घोकंपट्टीत अडकलेल्या वर्गांत अर्थ आणि लेखन बाजूला पडतं, आणि बरीच मुलं मागे राहतात.

आक्षेप येईल की फलटणची शाळा संस्थेची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत एकेका शिक्षकावर दोन-तीन वर्ग आणि वर सरकारी माहिती भरण्याचं ओझं असतं. आक्षेप खरा आहे. म्हणूनच शिक्षकांच्या रिक्त जागांसाठी लढलं पाहिजे. पण अक्षरगटांना निधी लागत नाही, आणि मुलाची बोली ऐकून घ्यायला शासन निर्णय लागत नाही.

केंद्राच्या 'निपुण भारत' मोहिमेने तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावं यासाठी 2026-27 ची मुदत ठरवली आहे. ती पाळली जाते का, हे बघायला कुणी बाहेरून येणार नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व असतं. आपल्या किती युवकांना आपल्या गावच्या समितीतली नावं माहीत आहेत?

आमचं सांगणं साधं आहे. समितीच्या बैठकीत तिसरीतली किती मुलं न पाहिलेला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगतात, हे विचारा. कपाटातली कुलूपबंद पुस्तकं बाहेर काढायला लावा. विहारात रोज संध्याकाळी तासभर लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवा आणि त्यांच्याकडून लिहून घ्या.

बाबासाहेबांनी 1950 साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातल्या आपल्या पिढ्यांना उच्च शिक्षणाचा रस्ता खुला केला. त्या रस्त्याला लागण्यासाठी मुलाला आधी तिसरीचं पुस्तक वाचता आलं पाहिजे. 'शिका' या शब्दाची सुरुवात तिथूनच होते.

जयभीम!