पोटगीचा कागद आणि पोटगीचे पैसे

पोटगीचा हुकूम झाला की बाई जिंकली, असे आपल्याकडे समजले जाते. माहेरचे पेढे वाटत नाहीत एवढेच. वकील फाईल बांधून ठेवतात, संस्थांच्या अहवालात 'पोटगी मिळवून दिली' असे वाक्य येते. पण बाईच्या हातात त्या दिवशी पडते ती हुकुमाची नक्कल. पैसे नव्हेत. नकलेवर किराणा मिळत नाही.

गेली अनेक वर्षे मी बायकांबरोबर कोर्टात जाते. माझे मत असे झाले आहे की पोटगीच्या बाबतीत कायद्याच्या कलमांशी आपले भांडण आता थोडे उरले आहे. खरे भांडण वसुलीशी आहे, आणि तिकडे आपण पुरेसे वळलेलो नाही.

कलमांची लढाई लहान नव्हती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ आले तेव्हा पोटगीची कमाल मर्यादा होती महिना ५०० रुपये. नवरा कारखानदार असो की हमाल, ५०० च्या वर नाही. ही मर्यादा केंद्रीय कायद्यातून निघायला २००१ साल उजाडले. त्याच दुरुस्तीने अंतरिम पोटगी आली, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निकाल लावावा असेही आले. १९८५ च्या शहाबानो निकालानंतर १९८६ चा कायदा करून मुस्लिम बायकांना ह्या कलमापासून दूर ढकलण्यात आले. त्यांचा हक्क शाबूत आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२४ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आता आकडा १४४, मजकूर बहुतेक तोच.

पण '६० दिवस' ह्या शब्दांवर विश्वास ठेवून कोणी घर चालवू नये. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले की ज्यात कुटुंब न्यायालयाला पोटगीच्या अर्जावर निर्णय द्यायला नऊ वर्षे लागली होती. नऊ वर्षांत मूल बालवाडीतून दहावीच्या उंबरठ्यावर येते.

ही वर्षे जातात कुठे? पहिले काही महिने नोटीस बजावण्यात. नवरा घरात असतो, शेजाऱ्यांना दिसतो, गावच्या जत्रेत दिसतो, पण नोटिशीवर शेरा येतो: 'पत्त्यावर मिळून आला नाही.' मग नवा पत्ता बाईनेच शोधायचा. मग तो वकील देतो, वकील मुदत मागतात, ती मिळते. एखादे दिवशी साहेब रजेवर असतात. पुकारा होईपर्यंत बाई बाकावर बसून असते, कारण पाणी प्यायला गेली आणि तेवढ्यात नाव पुकारले तर गैरहजेरी लागायची. धुणीभांडी करणारी असेल तर त्या दिवशीचा खाडा, शिवाय एसटीचे भाडे. तारीख घेणाऱ्या पुरुषाला तारखेचा खर्च नाही. बाईला प्रत्येक तारखेला पदरचे घालावे लागते. 'दोन्ही पक्षांना समान संधी' हे वाक्य मी ऐकते तेव्हा मला हा खाडा आठवतो.

रोजनाम्यात काय लिहिले गेले हे पुष्कळ बायकांना कळत नाही, हे आणखी एक. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असावी अशी राज्य सरकारची अधिसूचना १९९८ ची आहे. तरीही जिच्या आयुष्याबद्दलचे शपथपत्र, तिला न वाचता येणाऱ्या इंग्रजीत तिचाच अंगठा घेतला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता वसुली. हुकूम झाला, नवऱ्याने दोन महिने पैसे भरले आणि बंद केले. इथे कोर्ट आपणहून काही करत नाही. बाईनेच थकबाकीचा नवा अर्ज करायचा, पुन्हा नोटीस, पुन्हा तोच शेरा. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर ह्या कलमाखाली त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ही एक वर्षाची अट बायकांना हुकुमाच्या दिवशी कोणी सांगत नाही. बाई सबुरीने वाट पाहते आणि तिची सबुरी तिच्याच विरुद्ध जाते.

वॉरंट काढूनही रक्कम भरली नाही तर महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्यावर हमखास प्रश्न येतो: "त्याला आत टाकून तुला काय मिळणार?" प्रश्न विचारणारे दयाळू चेहऱ्याने विचारतात. पण कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. कैदेच्या भीतीने पैसे निघतात, हेही मी पाहिले आहे. 'माझ्याकडे काही नाही' म्हणणाऱ्याच्या भावाने वॉरंट आल्यावर संध्याकाळपर्यंत रक्कम आणून भरली.

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, आणि तिची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखीही करता यावी. चांगले झाले. पण दरखास्त करायची कोणी? परत बाईनेच.

माझे म्हणणे साधे आहे. हुकूम कोर्टाचा असेल तर तो पाळला जातो की नाही हे पाहणेही कोर्टाचे काम असावे. ज्याला पगार आहे त्याच्या पगारातून परस्पर कपात व्हावी. ज्याला नाही, त्याच्या बाबतीत सरकारने रक्कम आधी बाईला द्यावी आणि नंतर महसुलाच्या थकबाकीसारखी नवऱ्याकडून वसूल करावी. हे स्वप्नरंजन नव्हे. जर्मनीत मुलांच्या पोषणखर्चापुरती अशी सोय १९८० पासून आहे. सरकारला पैसे बुडण्याची धास्ती वाटेल, हे खरे. ती धास्ती आज प्रत्येक बाई एकटी वाहते आहे. सरकारकडे निदान तलाठी आणि पोलीस आहेत.

हे होईपर्यंत केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही चार गोष्टी सांगतो. अर्ज तुम्ही राहता तिथल्या कोर्टात करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. उत्पन्न कितीही असो, बाईला विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो. शपथपत्रात नवऱ्याचे बँक खाते, सातबारा, गाडीचा नंबर, जे माहीत असेल ते सुरुवातीलाच लिहून द्या. आणि एक वही ठेवा: कोणत्या महिन्याचे पैसे आले, कोणत्या महिन्याचे नाही. तीन महिने कोरे गेले की वही घेऊन या, वर्ष भरायची वाट पाहू नका.