जो भरतो, त्यानेच उचलावे!



दरवर्षी नवीन मुलं हॉस्टेलला येतात तेव्हा रेक्टर म्हणून मी गेटपाशी उभा असतो. दृश्य ठरलेलं. ट्रंक, गादी, बादली, दोन सुटकेस आणि फराळाचे डबे. आई सूचना देत असते, बाबा घाम पुसत जिना चढत असतात आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो चिरंजीव मोबाईलवर! मला हसू येतं. पण फार हसायची सोय नाही, कारण वयाच्या बावन्नाव्या वर्षी मीही हेच केलंय, आणि तेही परदेशात.

आमची मुलगी जर्मनीत आखेनला एम.एस. करत होती. २०१८ साली मी आणि सौ. दोन महिन्यांसाठी तिच्याकडे निघालो. मी आपलं फर्मान सोडलं, "अगं, तू भर, मी उचलतो." झालं! तिनं भरलं. कुकर, पोळपाट-लाटणं, चार स्वेटर, लेकीसाठी डबेच डबे. मीही मागे राहिलो नाही, गुपचूप तीन जाडजूड पुस्तकं आणि स्क्रूड्रायव्हरचा सेट घुसवला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा आणि सात-सात किलोच्या दोन हँडबॅगा. एकूण ६० किलो! आमच्या दोघांच्या वजनाची जवळजवळ निम्मी भर.

फ्रँकफर्टला उतरून रेल्वेनं जायचं होतं. मधल्या एका स्टेशनवर गाडी बदलायला सात मिनिटं. आम्हाला लिफ्ट काही सापडेना, समोर भुयारी मार्गाच्या पायऱ्या. मी दोन बॅगा ओढत पुढे, ही मागे. "अहो, थांबा जरा," ती ओरडली, पण मी घड्याळाकडे बघत होतो. तिनं एकटीनं मोठी बॅग उचलायला घेतली आणि कमरेत उसण भरली. गाडी तर गेलीच. रिकाम्या प्लॅटफॉर्मवर मी म्हणालो, "कुणी सांगितलं होतं एवढं भरायला?" ती काहीच बोलली नाही. पुढचे अकरा दिवस ती मुलीच्या खोलीत पडून होती. ते वाक्य मला अजून टोचतं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय. सामान जास्त होतं ते कपड्यांमुळे नाही, कामाच्या वाटणीमुळे. जो भरतो तो उचलत नाही, जो उचलतो तो भरत नाही. भरणाऱ्याला वजन कळत नाही आणि उचलणाऱ्याला कशाची गरज आहे ते कळत नाही. आपल्या इंजिनिअरिंगच्या भाषेत फीडबॅक लूपच तुटलेला! आपल्याकडच्या जोडप्यांत ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. 'मी उचलतो' म्हणण्यात पुरुषाला मोठेपणा वाटतो, पण खरं तर तो विचार करायचं काम बायकोवर ढकलत असतो. आणि चुकलं की दोषही तिलाच.

२०२३ मध्ये पुन्हा जायचा योग आला. या वेळी ऐंशी दिवस. (शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, हे ध्यानात ठेवा.) मुलीकडे मुक्काम आणि मधून मधून ब्रसेल्स, पॅरिस, अॅमस्टरडॅम. नियम एकच केला. प्रत्येकाची एक सॅक, आपली आपण भरायची, आपली आपण पाठीवर घ्यायची. मर्यादा ८ किलो. वजनकाटा मध्ये ठेवला आणि निम्मे वाद तिथंच मिटले.

दोन महिने काय आणि दोन आठवडे काय, कपडे तेवढेच लागतात. तीन जोड, आणि दर तिसऱ्या रात्री धुवायचे. जीन्सला रामराम, कारण ती वाळत नाही, हे तुम्हाला हॉस्टेलच्या दोरीवरून ठाऊक आहेच. एका जाड कोटापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे, मधली हवाच इन्सुलेशनचं काम करते. चार्जर दोघांत एकच. तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. मोबाईलच्या चार्जरच्या बारीक गोल पिना तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, लॅपटॉपच्या जाड थ्री-पिनला मात्र अॅडॅप्टर लागतो. पॉवरबँक हँडबॅगेतच हवी. २०,००० एमएएचची पॉवरबँक ३.७ व्होल्टच्या हिशेबानं ७४ वॉट-तास भरते, मर्यादा १०० ची आहे.

जोडीनं जाण्याचा खरा फायदा पुढेच आहे. टूथपेस्ट, नेलकटर, साबण एकेकच. पण बी.पी.च्या गोळ्या, पैसे, पासपोर्टची झेरॉक्स आणि एकेक कपड्यांचा जोड एकमेकांच्या सॅकमध्ये अर्धा-अर्धा. एक सॅक हरवली तरी दोघांचं अडत नाही. नको तिथं डबल घ्यायचं नाही आणि हवं तिथं सोडायचं नाही, यालाच आपण वर्गात रिडंडन्सी म्हणतो ना?

आता कुणी म्हणेल, "सर, तिकडे सगळं महाग, इथूनच न्यावं." थोडं खरं आहे. पण तांदूळ, डाळ, साबण तिकडेही मिळतात, आणि मोडलेल्या कमरेचं बिल त्याहून महाग पडतं. शिवाय नियमही असतात. तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशांतून युरोपीय संघात न्यायला प्रवाशांना मनाई आहे. आणि आपलं साधं सुकं खोबरं? ते विमान वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे, वर्ग ४.२, म्हणजे आपोआप तापून पेट घेऊ शकणारं!

आमचंही सगळं बरोबर आलं असं नाही. एप्रिलमध्ये थंडीनं दात वाजले, तेव्हा जुन्या बाजारातून बारा युरोचं जाकीट घ्यावं लागलं. आणि एका बाबतीत मी हरलो. सौ.नं आपल्या आठ किलोंत एक किलो मेतकूट आणि गोडा मसाला बसवला, त्यासाठी स्वतःचा एक ड्रेस कमी केला. मी तोंड उघडणार होतो, पण नियम माझाच होता. तिची सॅक, तिचं वजन, तिचा निर्णय. पहिल्या रात्री गरम भात-मेतकूट खाताना लेकीचा चेहरा पाहिला आणि वाटलं, ही वस्तू माझ्या यादीत कधीच आली नसती.

तुमच्यापैकी काही जण उद्या एम.एस.ला जाल, काही जण लग्न करून जोडीनं जाल. तेव्हा एक साधी टेस्ट करा. सॅक भरा, पाठीवर घ्या आणि न थांबता तीन मजले चढून दाखवा. २०२३ च्या मार्चमध्ये आम्ही दोघं सॅक घेऊन सी-ब्लॉकचा जिना चढत होतो, तेव्हा तुमचे सीनिअर गॅलरीत उभे राहून हसत होते. हसू देत! हॉस्टेलला लिफ्ट नाही हे तुमचं नेहमीचं गाऱ्हाणं. आम्हाला मात्र ती फुकटची टेस्टिंग लॅब मिळाली. दुसऱ्या मजल्यावर मी दम खायला थांबलो. ही पुढे गेली आणि वरून म्हणाली, "अहो, पुस्तक काढा ते!"

काढलं.