कॅथलिक शिक्षणाची कसोटी

माणूस घडवणे हे कॅथलिक शिक्षणाचे प्रयोजन आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्याने गरीब आणि निराधार मुलांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले. जेझुइट धर्मगुरूंनी १८६९ मध्ये स्थापलेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तेथे अभ्यासाला साह्य करते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने ख्रिस्ती समाजासह सर्व अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा शिक्षणहक्क कायद्यातून वगळल्या. त्यामुळे वंचितांसाठी २५ टक्के जागांचे बंधन त्यांच्यावर नाही. बंधन नसतानाही कॅथलिक शाळांनी वंचितांसाठी स्वेच्छेने जागा राखाव्यात. त्यांच्या ध्येयनिष्ठेची खरी कसोटी तीच आहे.