म्हाताऱ्यांच्या डोक्यावरचा पत्रा

शहापूर-मुरबाडकडच्या गावांत घर सुधारलं म्हणजे कौलं उतरली आणि पत्रा चढला. सापगाव त्याला अपवाद नाही. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात, माकडं ती फोडतात, चाळणारा माणूसही आता मिळत नाही. त्यामुळे पत्रा घालणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण त्याची झळ कोणाला बसते? कर्ती माणसं शेतावर किंवा आसनगावला कामावर, पोरं झाडाखाली. भर दुपारी घरात उरतात आजी-आजोबा.

जुन्या घरात कारवीच्या कुडाला शेणामातीचं लिंपण असे, वर माळा, माळ्यावर पेंढा आणि त्यावर कौलं. गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाई, पेंढ्यात अडकलेली हवा उन्हाची धग खाली येऊ देत नसे. पत्रा घालताना बहुतेकांनी माळाही काढला. स्लॅबचं दुखणं निराळं: दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री घरात सोडतो, म्हणजे झोपेतही शरीराला उसंत नाही.

उतारवयात घाम कमी येतो, तहान लागल्याचं उशिरा कळतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. म्हणून उन्हात पाऊलही न टाकलेल्या माणसाला घरात बसल्या बसल्या उष्माघात होऊ शकतो. खोलीतली हवा अंगापेक्षा गरम झाली की पंख्याचाही आधार उरत नाही.

न्यूझीलंडमध्ये १,३५० कुटुंबांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. घरांना उष्णतारोधक थर दिल्यावर तिथल्या लोकांची छातीतली घरघर आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्या. तिथे त्रास थंडीचा होता, आपल्याकडे उन्हाचा. पण छत सुधारणं हा आरोग्याचाच खर्च आहे, हे दोन्हीकडे सारखं. तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच केलं. आपल्या घरकुल योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजारांचं केंद्रानं ठरवलेलं अनुदान आहे. त्यात छताखालच्या थरासाठी वेगळी रक्कम हवी, हे माझं ठाम मत आहे.

तोवर शिमग्याच्या सुमारास पत्र्यावर चुन्याचा जाड हात मारा. आतून हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बसवा आणि गरम हवेला वर वाट ठेवा. चूल असेल तर तिच्या वर तट्ट्या नकोत. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. तो कापू किंवा घासू नका. आणि हा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेतच मांडा. १ मेच्या सभेपर्यंत थांबलात, तर निम्मा उन्हाळा उलटून गेलेला असेल.