छडी आठवते, पुस्तक नाही

दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकात उभं राहिलं की आपल्या समीक्षेचा नकाशा एका नजरेत दिसतो. एका अंगाला रवींद्र भवन, त्यात साहित्य अकादमी. तिथून कोपर्निकस मार्गाला लागलं की कमानी सभागृह, दूरदर्शन भवन आणि जुनं महाराष्ट्र सदन. सगळं पायी फिरण्यासारखं. अकादमीच्या चर्चासत्राला आलेले आपले मान्यवर सदनात उतरतात, सकाळ-संध्याकाळ या रस्त्यानं जातात. पण दूरदर्शनचा विषय निघाला की पावसात चिखल चुकवावा तसे पाय उचलतात. साहित्य एका इमारतीत, करमणूक दुसऱ्या इमारतीत, आणि अभ्यास करायचा तो पहिलीचा.

मी गेली कित्येक वर्षं याच परिसरात वावरत दुसऱ्या इमारतीचा अभ्यास करते. सिनेमा, मालिका आणि त्यांतून प्रसिद्ध झालेल्या बायका, स्त्रीवादाच्या अंगानं. त्यावरच माझं पोट चालतं. एका निवड समितीत मला विचारलं गेलं होतं, “म्हणजे तुम्ही गॉसिपवर पीएच.डी. केलीत?” विचारणारे गृहस्थ मराठी. प्रश्न आधी मराठीत विचारला, मग बाकीच्यांना हसता यावं म्हणून हिंदीत सांगितला. उत्तराला तिथे पाच मिनिटं होती. इथे जागा थोडी जास्त आहे.

गॉसिप कोण करतं ते आधी पाहू. ‘कुंकू’ १९३७चा. गोष्ट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीतली, दिग्दर्शन व्ही. शांतारामांचं, आणि म्हाताऱ्या नवऱ्याशी संसार करायला ठाम नकार देणारी नीरा शांता आपटे यांची. यातले कादंबरीकार वाङ्मयाच्या इतिहासात गेले. दिग्दर्शक सिनेमाच्या इतिहासात गेले. शांताबाई किश्श्यांत राहिल्या. ‘फिल्मइंडिया’च्या बाबूराव पटेलांच्या कचेरीत त्या छडी घेऊन शिरल्या, हा किस्सा ‘कुंकू’ न पाहिलेल्यांनाही पाठ असतो. १९३९मध्ये करार आणि पगाराच्या वादातून त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या, हेही काहींना आठवतं, पण नटीचा नखरा म्हणून. गिरणी कामगार फाटकाशी बसला तर संप, बाई बसली तर तमाशा! आणि १९४०मध्ये त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तक लिहिलं, हे कुणाला ठाऊक आहे? मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलांना मी हा प्रश्न विचारते, तेव्हा एकही हात वर होत नाही.

शीर्षकातलं प्रश्नचिन्ह बघा. त्या काळात प्रत्येक पांढरपेशा घरात हा प्रश्न मुलीच्या अब्रूचा होता. शांताबाईंनी तो धंद्याचा केला. पैसा कुणाचा, राबतं कोण, झिजतं कुणाचं शरीर, हे त्या विचारतात. मी याला कामगार साहित्य म्हणते. कामगार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर चेहऱ्यावर पावडर लावलेली बाई येत नाही, एवढीच अडचण आहे.

हंसा वाडकरांचं वेगळं झालं. त्यांचं ‘सांगत्ये ऐका’ १९७०मध्ये आलं आणि वाचलंही गेलं. शब्दांकन अरुण साधू यांचं. पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या. १९७७मध्ये श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ केला, स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण आपण ते पुस्तक वाचलं कसं? दारू किती, पुरुष किती, आणि ‘धाडसी’, ‘प्रांजळ’ ही दोन विशेषणं. कोवळ्या वयात घर चालवायला कामावर पाठवलेल्या मुलीचा पैसा कुणाच्या हातात गेला, हा त्या पुस्तकाचा कणा आहे. तो हिशेब कुणी मांडला नाही. म्हणजे गॉसिप नटीनं लिहिलं नव्हतं, वाचणाऱ्यांनी ते त्यात शोधलं.

दुर्गा खोट्यांच्या वाट्याला याच्या उलट आलं. ‘मी, दुर्गा खोटे’ची वाहवा घराण्याच्या, शिक्षणाच्या आणि शालीनतेच्या अंगानं झाली. वास्तविक दोन मुलांचा सांभाळ करायला या बाईंनी सिनेमात काम धरलं आणि पुढे निर्मितीसंस्थाही चालवली. दूरदर्शनची ‘वागळे की दुनिया’ त्याच संस्थेची. एकीला बदनाम म्हणून वाचलं, दुसरीला कुलीन म्हणून. दोघींच्याही कामाचं कुणी पाहिलं नाही.

पाहिलं ते मराठीबाहेरच्या बायकांनी. नीपा मजुमदार यांनी या ‘कुलीन हव्यात’च्या हट्टावर २००९मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. देबश्री मुखर्जी यांनी २०२०च्या ‘बॉम्बे हसल’मध्ये शांताबाईंचं उपोषण आणि त्यांचं लेखन श्रमाच्या इतिहासात नेऊन बसवलं. हंसाबाईंचा इंग्रजी अनुवाद दिल्लीच्या ‘जुबान’नं २०१३मध्ये काढला. मला याचा आनंद आहे आणि लाजही वाटते. परवा पुण्याच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, शांता आपट्यांचं ते पुस्तक इंग्रजीत कुठे मिळेल? तिला ते मराठीत आहे याचाच पत्ता नव्हता.

आता थोडं घरच्यांशी. आम्ही स्त्रीवाद्यांनीही बराच काळ पडद्यावरच्या बायका मोजण्यात घालवला. सोशिक किती, खाष्ट किती, नोकरी करणाऱ्या किती. ते मोजणं गरजेचं होतं. प्रभा कृष्णन आणि अनिता दिघे यांनी दूरदर्शनवरच्या स्त्रीप्रतिमेचा अभ्यास १९९०मध्ये पुस्तकरूपानं मांडला, तेव्हा त्या इमारतीतून रोज घराघरांत काय जात होतं ते पहिल्यांदा धडपणे समोर आलं. पण पुढच्या पिढीनं तीच फूटपट्टी घेऊन मालिकेमागून मालिका मोजली. बघणारी बाई मूर्खच असणार, हे त्यात गृहीतच धरलेलं. पूर्णिमा मानकेकर याच दिल्लीतल्या बेताच्या घरांत बायकांबरोबर बसून टीव्ही बघत होत्या. ‘महाभारता’तलं द्रौपदीचं वस्त्रहरण बघताना त्या बायका स्वतःच्या असुरक्षिततेबद्दल, स्वतःच्या रागाबद्दल बोलत होत्या, हे त्यांनी नोंदवलं. १९८५च्या ‘रजनी’चंही तसंच. प्रिया तेंडुलकर गॅसवाल्याशी भांडायची ती गृहिणीच्या चौकटीतच, हे खरं. पण आमच्या पिढीतल्या किती जणींनी दुकानदाराला पावती मागायचं धाडस तिच्याकडून उचललं, ते कुठल्या तक्त्यात बसवणार?

“पण याला वाङ्मयीन मूल्य काय?” हा शेवटचा बाण नेहमी येतो. मूल्य ठरवायला आधी वाचावं लागतं. आणि न वाचण्याची किंमत कोण मोजतं तेही बघावं. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांनी संघटना करून मागणी लावून धरली, तेव्हा २०१७मध्ये हेमा समिती नेमली गेली. अहवाल लोकांसमोर यायला २०२४ उजाडलं. लैंगिक छळाच्या बरोबरीनं त्यात काय आहे? लेखी करार नाहीत, मोबदल्याची खात्री नाही, चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नाही. आपल्याकडच्या वाहिन्यांनी त्यातून फक्त ‘कोण तो नट?’ एवढंच उचललं. मराठी मालिकांमधल्या मुली दिवसाला किती तास उभ्या असतात आणि पैसे कधी हातात पडतात, हे विचारायला आपल्याकडे समिती नाही, आणि विचारायची भाषा १९४०मध्येच एका नटीनं देऊन ठेवली होती हे कुणाच्या गावी नाही.

मराठी विभागांकडे माझं मागणं मोठं नाही. स्त्रियांच्या आत्मकथनांचा पेपर बहुतेक ठिकाणी आहेच. त्यात लक्ष्मीबाई टिळकांच्या शेजारी हंसा वाडकरांना बसवा, आणि ‘धाडसी’ हा शब्द उत्तरपत्रिकेत दिसला तर एक गुण कापा. ‘जाऊ मी सिनेमात?’ टिपांसह पुन्हा छापा. प्रस्तावना लिहायला माणूस मिळत नसेल तर मी लिहीन, मानधन नको. छडीचा किस्सा त्यात हवाच असेल तर तळटीपेत घालू.